काटा मधोमध

गाडी घेतली तेव्हा तिच्यात सगळं कंपनीचं होतं,
आणि सगळंच बिघडायचं.
पहिल्या उन्हाळ्यात हेड गॅस्केट, दुसऱ्यात टर्बो,
पाण्याचं तर विचारूच नका.
टॉवेलचे गठ्ठे भरून हैदराबाद रोडला लागलो
की बोरामणीच्या अलीकडं काटा लाल घरात,
बॉनेटमधून वाफ,
आणि मी कडेला, हातात फडकं घेऊन,
कुणाच्या घरी भांडण चालू असताना
पोचलेल्या पाहुण्यासारखा उभा.

शोरूमवाला म्हणायचा, या मॉडेलला जरा असतंच.
जरा म्हणजे किती, ते बिलात कळायचं.

बंदेनवाज उस्तादांनी बॉनेट उघडलं, ऐकत राहिले.
इंजिन बंद करायला लावलं,
तरी ऐकत राहिले.
मग म्हणाले, "चांगल्या हवेत जन्मलीय बे ही.
सोलापूरचा मे हिला कुणी दाखवलाच नाही."

यादी त्यांनी ट्यूबच्या खोक्यावर लिहिली:
रेडिएटर तीन पदरी, तांब्याचा,
मोठ्या ट्रकचा, कापून बसवायचा.
हेडचे बोल्ट फेकायचे, स्टड करून घ्यायचे
अक्कलकोट रोडच्या रेवणसिद्ध लेथवाल्याकडून.
डिझेलला आणखी एक फिल्टर, पाणी वेगळं काढणारा.
इंटरकूलर लुधियानाचा,
ज्याच्या पाकिटावर इंटरकूलरचंच स्पेलिंग चुकलेलं.

"डुप्लिकेट?" मी विचारलं.
"डुप्लिकेट नाही. दुसरा," उस्ताद म्हणाले.
"दोन्हीत फरक आहे."

राजेश्वरीनं सुपातली तंबाखू बाजूला सारून
रेडिएटर म्हणजे किती हजार विड्या
याचा हिशेब बोटांवर केला.
आकडा मला सांगितला नाही.
रात्री पत्र्याच्या डब्यातून पैसे काढून दिले,
रबर लावलेले, विडीचा वास असलेले.

एक गोष्ट मात्र कुणी आधी बोललं नव्हतं:
एक भाग तगडा केला
की त्याच्या शेजारचा उघडा पडतो.
रेडिएटर जड, म्हणून ब्रॅकेट तुटलं.
ब्रॅकेट जाड पट्टीचं केलं, तर खालची रबरं फाटली.
टर्बो मोकळा श्वास घ्यायला लागला
आणि इतकी वर्षं मुकाट असलेला क्लच
बिदरच्या वाटेवर घसरला.
मी उस्तादांवर चिडलो, उस्ताद क्लचवर,
क्लच कुणावर चिडणार?

नायना ओट्यावर बसून हसत होते.
"मागाला मोठी मोटर लावली होती आपण," म्हणाले,
"आठवतंय? पहिल्याच दिवशी धोटा उडाला,
खिडकीतून गेला,
शेजारणीच्या पिठाच्या परातीत."
मग हसू थांबलं. त्यांच्या डाव्या कानाला
मागाचा आवाज अजून पुरतो, बाकीचं काही ऐकू येत नाही.
"माग चांगला होता," म्हणाले, कुणी विचारलं नसताना.

क्लचही बदलला. कोल्हापूरहून आला, एसटीच्या टपावरून.

आता गाडी वेगळ्याच आवाजात बोलते,
जरा घोगऱ्या, माझ्या मामासारख्या.
मागच्या फळीवरचं कंपनीचं नाव तेवढं जुनं,
त्यातलंही एक अक्षर पडलंय.
परवा दुपारी, ऊन डांबर सोलत असताना,
सव्वा टन माल घेऊन बोरामणीपाशी आलो.
काटा मधोमध.
मी त्याच्यावर टिचकी मारली. मधोमध.

तरी थांबलो.
पाय ब्रेकवर आपोआप गेला.
टपरीवरून शिवलीलाबाई नेहमीसारख्या निघाल्या,
निळा कॅन कडेवर, पदर दातात धरून,
"आज लवकर तापली का रे?"

तीन वर्षं त्यांनी एक रुपया घेतला नव्हता.
मी खाली उतरलो, बॉनेट उघडलं,
नव्या तांब्याच्या रेडिएटरकडं बघत,
"हो," म्हणालो, "थोडी,"
आणि दोन्ही हातांनी कॅन घेतला.